दीड मिलिमीटर

दात साडेपाच भरला. मी कॅलिपर पुसला, पुन्हा लावला, पुन्हा साडेपाच. शेजारचा त्याहून जरा कमीच. जेवणाची सुट्टी होती, कारखान्यातली चाकं बंद होती, आणि मी जेवायचं सोडून हे काम काढून बसलो होतो, कारण सकाळी निघताना ही म्हणाली होती की जातं अडकतंय, बघा जरा. जातं म्हणजे मुठीत मावेल अशी गोल डबी. दोन झाकणं एकमेकांत बसतात, दोन्हींना आतून दात आहेत, मध्ये गांजा टाकायचा आणि फिरवायचं, की ओढण्याजोगा बारीक होतो. ती डबी अकरा महिन्यांपूर्वी मीच याच टेबलावर तिच्यासाठी केली होती. बावीस दात, सगळे सात मिलिमीटरचे, एकेक मोजून. अडकलेला चिकट थर ब्रशने काढला, फडक्याने पुसलं, आणि हाताची सवय वाईट, मोजून बघितलं. चष्म्याच्या काचा घासण्यात ज्याची बत्तीस वर्षं गेली त्याला दीड मिलिमीटर म्हणजे किती हे सांगावं लागत नाही. झिजलेला माल नाहीसा होत नाही हेही सांगावं लागत नाही. तो कुठेतरी जाऊन बसतो. इथे तो टेबलावर बसतो, भुवयांवर बसतो, चहाच्या कपाच्या काठावर बसतो. डबीतला कुठे जाऊन बसला? मी जेवणाचा डबा न उघडताच पिशवीत परत ठेवला. समोरचा पॉलिशवाला म्हणाला, काय, उपास का? मी म्हटलं, पोट बरं नाही. खोटं नव्हतंच ते.

काच म्हणतो आम्ही, पण काच कुठली आता. मी लागलो तेव्हा खरी काच होती, हातातून सुटली की संपली. मग प्लास्टिक आलं, नाव तेवढं काच राहिलं. त्यातलं सगळ्यात भारी म्हणजे न फुटणारं, लहान मुलांच्या आणि वेल्डिंगवाल्यांच्या चष्म्यांना लागतं ते. हातोडी मारा, तडा जात नाही. पण जे फुटत नाही ते मऊ असतं, नखानेसुद्धा ओरखडा पडतो, म्हणून त्यावर कडक थर द्यावा लागतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि मी, शहाण्याने, डबीसाठी नेमका तोच माल निवडला. का, तर हिच्या हातून वस्तू पडायला लागल्या होत्या. केमोने तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. पोस्टात अठ्ठावीस वर्षं टपाल निवडलेली बोटं ती. पत्त्यावर नजर जायच्या आत पत्र खणात पडलेलं असायचं, आणि आता शर्टाचं बटण सापडेना. पडली तरी फुटू नये एवढंच माझ्या डोक्यात. वरचा थर द्यायचा विचारसुद्धा आला नाही, आणि दातांना तो बसलाही नसता. दोन दिवस सुटल्यावर थांबलो, बाहेरच्या कडेला खाचा पाडल्या, म्हणजे तिच्या बोटांना पकड कळावी, मग पॉलिश केलं. इतकं पॉलिश मी कुठल्या गिऱ्हाइकाच्या काचेलाही केलं नसेल. पॉलिशवाला तेव्हा म्हणालाही होता, वहिनींना हिरा देतोयस का रे?

गांजाचं नर्सने सुचवलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात, माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं. काही जणांची मळमळ थांबते, भूक लागते, बघा विचार करून. मी घरी येऊन हिला सांगितलं तेव्हा वाटलं होतं कानांवर हात ठेवेल. आयुष्यभर मी काही अचाट बोललो की, गांजा ओढून आलात का, असं विचारणारी बाई. ती म्हणाली, आणा, मेल्यावर थोडीच ओढणार आहे. मला तिचा तो शब्द लागला, पण आणला. पहिल्यांदा कात्रीने कापला, तो नीट जळेना. मग ती म्हणाली, मी करते, तुम्ही दळूबाई आहात. पण बोटांना चुरा होतोय की नाही तेच तिला कळेना, अर्धा पदरात, अर्धा फरशीवर, आणि ती खाली वाकून गोळा करायला लागली. मला ते बघवेना. डबी दिली त्या दिवशी तिने ती कानाजवळ नेऊन रिकामीच फिरवली, कर्र कर्र, आणि म्हणाली, जातं केलंत की हो. त्या दिवसापासून जातं. दळायला घेतलंत का, पीठ झालं का, सगळी भाषा तीच. साठीला टेकलेली आम्ही दोघं गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून आळीपाळीने ओढायचो. मी का ओढायचो? तिला एकटीला चोरासारखं वाटू नये म्हणून, असं मी म्हणायचो. बरंही वाटायचं, ते कशाला लपवू. पहिल्याच दिवशी तिने उकडलेला आख्खा बटाटा मीठ लावून खाल्ला आणि दुसरा मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी सोडलं आणि नळाच्या आवाजात रडलो. चार महिन्यांत तिने काही मागितलं नव्हतं.

मालकांनी मला चारला सोडायला सुरुवात केली ती तेव्हापासूनच, म्हणून साडेचार ही आमची वेळ. त्याआधी मी सहाला यायचो आणि तेव्हाही आमची वेळ गॅलरीतलीच, फक्त निराळी. मी दारातून आत आलो की ही हात पुढे करायची, शर्ट. निळा कारखान्याचा शर्ट, काचांच्या भुकटीने पांढरट झालेला. तो घेऊन ती गॅलरीत जायची, कॉलर धरून कठड्याबाहेर दोन झटके द्यायची, मोजून दोन, आणि हमखास एक शिंक. मी आतून ओरडायचो, शिंकली माशी! ती म्हणायची, माशी गेली कारखान्यात, तिला विचारा. रोज. लेक लहान असताना आमच्या आधी तीच ओरडायची. संसारात अशी चार-दोन वाक्यंच असतात, बाकी सगळं भाजी आणा आणि दार लावा. आजारपणात ते बंद पडलं, तिचे दंडच उचलेनात. मीच शर्ट काढून कोपऱ्यातल्या बादलीत टाकायला लागलो. शिंक गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही, आणि मग तीन आठवड्यांपूर्वी खोकला आला.

खोकला आधी असाच होता, दोन ढासा आणि गप्प. मग रोजचा झाला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला, फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि पेनाने दाखवलं, हे इथे, हे इथे, आणि हे. पोटातला आजार वर सरकलाय, म्हणाले, होतं असं, आपल्याला कल्पना होतीच. ही मान हलवत होती, जणू पोस्टातली बदली ऐकतेय. मी त्या डागांकडे बघत होतो. डाग बघणं हा माझा धंदा. उजेडावर काच धरायची, डाग दिसला की आधी विचारायचं, हा कुठल्या चाकावरून आला? त्या दिवशी मला उत्तर माहीत नव्हतं. कॅलिपर लावला त्या दुपारी ते मिळालं, असं मला वाटलं. त्यात लेकीचं बोलणं डोक्यात होतंच. ती दूर असते, रविवारी फोन करते आणि आईशी बोलून झालं की मला एखादी सूचना करते, कारण रडायचं नसतं तिला. मागच्या रविवारी म्हणाली, बाबा, प्लास्टिकच्या डब्यात गरम करून देऊ नकोस आईला, मायक्रोप्लास्टिक जातं पोटात, रक्तात सापडतं, फुप्फुसातसुद्धा. मी म्हटलं, तुझा बाप त्यावरच जगलाय, तूही त्यावरच वाढलीस. मी जिंकल्यासारखा फोन ठेवला होता.

घरी चालत जाताना मी हिशेब करत होतो. बावीस दातांची दीड मिलिमीटर भुकटी. अर्धी मी ओढली, सोडा. अर्धी तिने. त्यातली काही जळली असेल, मग त्या धुरात काय असेल? न फुटणारं प्लास्टिक जळताना कसा वास येतो ते मला ठाऊक आहे, चाकावर पाणी कमी पडलं की येतो, घशात खवखव सोडून जातो. आणि जे जळलं नसेल ते तसंच आत, पांढरं, न फुटणारं. आई म्हणायची, जात्याला टाकी लावली, छिन्नीने दगड नव्याने टोचून घेतला, की पहिलं दळण कोंबड्यांना घालायचं, त्यात दगडाची कच येते. लहानपणी मला वाटायचं, कोंबड्यांची चैन आहे. एवढी साधी गोष्ट. जातंही पिठात जातं हे निरक्षर बाईला माहीत होतं, आणि तिच्या मुलाने मिलिमीटर मोजून जातं केलं आणि बायकोला पहिल्या दिवसापासून तेच दळण दिलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. जिन्यात मला धाप लागली आणि मी तिसऱ्या मजल्यावर उभा राहिलो, माझ्याही छातीत ते आहे का हे ऐकत. काही ऐकू आलं नाही. वर हिचा खोकला तेवढा ऐकू आला.

तिला सांगायचं की नाही? सांगितलं तर ती ओढणं सोडेल, मग बटाटा गेला, साडेचार गेले, आणि उरलेले जे काही महिने आहेत ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून. नाही सांगितलं तर मी रोज तिला माझ्या हाताने तेच देत राहणार. दुसरी डबी आणायची म्हटलं तर विचारणार, ही का नको, हिला काय झालं? मी नर्सला फोन केला. कारखान्यामागच्या नळापाशी उभं राहून, आडून आडून विचारलं, धुरातून प्लास्टिकचे कण गेले तर छातीवर असे डाग पडतात का? ती म्हणाली, काका, आता त्याचा विचार करू नका. आता. तो एक शब्द मी दिवसभर चाकावर घासत होतो. आता म्हणजे, आधी करायला हवा होता?

शेवटी मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. आठ दिवस मी आत ओट्यापाशी उभा राहून गांजा बोटांनी चुरत होतो, नखं हिरवी होईपर्यंत, आणि तो चुरून झाला की डबी हातात घेऊन ती गॅलरीत ऐकेल अशी फिरवत होतो. रिकामी. कर्र कर्र. कारण तो आवाज आला नाही तर ती विचारणार. आवाज झाला की तिचा चेहरा सैल व्हायचा, पाय वर घेऊन बसायची, अर्धी भूक तिला त्या आवाजानेच लागायची. रिकामं जातं फिरवलं की दातावर दात घासतात, भरल्यापेक्षा दुप्पट झिजतात, हेही मला माहीत होतं. पण ते डबीतच राहील, तिच्यात जाणार नाही, एवढंच समाधान. चोरून चांगलं करणाऱ्याचा चेहराही चोरासारखाच होत असावा, कारण ती दोन वेळा म्हणाली, तुम्ही हल्ली माझ्याकडे बघत नाही. मी म्हटलं, डोळे थकतात.

नवव्या दिवशी मी कारखान्यातून आलो तर ती डबी मांडीवर उघडी घेऊन बसली होती. बाहेर ऊन होतं आणि त्या उन्हात डबीचा तळ पिठासारखा पांढरा दिसत होता. हिरवं नावाला नाही. तिने बोट बुडवलं, वर धरलं. बधिर बोट, तिला काही कळत नव्हतं, म्हणून तिने ते अगदी डोळ्यांजवळ नेलं.

"अहो, हे काय? रिकामंच दळता?"

मी उभाच होतो. पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. मग सगळं सांगितलं. सात मिलिमीटर, साडेपाच मिलिमीटर, मऊ माल, लेकीचा फोन, नर्सचं आता, कोंबड्यांचं दळण. फोटोतले डाग म्हणजे आजार नसून मी आहे, असंही बोलून गेलो. मला वाटतं मी तिची माफी मागत होतो, पण वाक्यं सगळी मापांची होती. ती ऐकत होती. मध्येच तिचे खांदे हलायला लागले. खोकला आला वाटून मी पाण्याकडे वळलो, तर ती हसत होती. किती महिन्यांनी, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"वेडे आहात का तुम्ही? एवढ्याशा दातांचं काय घेऊन बसलात. तीस वर्षं रोज तुमचा शर्ट झटकतेय मी. पोतंभर गेलं असेल त्यातून नाकात. काही झालं का मला?"

असं म्हणून तिने पदराने डोळे पुसले, डबीतली भुकटी कठड्याबाहेर फुंकून टाकली आणि डबी माझ्या हातात दिली. भरून फिरवा, म्हणाली, आणि दोन बटाटे लावा. मला धीर द्यायला बोलली होती ती. त्या हसण्याचा तिला इतका आनंद झाला होता की काही झालं का मला, हे आपण काय विचारलं, ते तिचं तिलाच ऐकू गेलं नव्हतं. मी आत गेलो, बटाटे लावले, गांजा भरला, फिरवलं. हात आपोआप चालत होते. तीस वर्षं. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नऊ हजार शर्ट, अठरा हजार झटके. वारा बहुतेक आतच यायचा आमच्या गॅलरीत, भुकटी उन्हात वर चढायची आणि परत तिच्या तोंडावर यायची, मी चहा पिता पिता हे बघितलंय. आणि ती शिंकायची आणि मी विनोद करायचो. आम्हाला मालकांनी मास्क दिले होते, चाकावर बसताना बांधायचे. मी बांधायचो, एक दिवस चुकलो नाही. संध्याकाळी तो मास्क शर्टाच्याच खिशातून घरी यायचा, आणि तिच्या हाताने धुवायला पडायचा. तिला कुणी दिला मास्क? मला का नाही सुचलं? दीड मिलिमीटरवर मी नऊ दिवस धड जेवलो नव्हतो.

त्या दिवशी तिने दीड बटाटा खाल्ला. गप्पांत रंगली. लेक पाच वर्षांची असताना माशी शिंकली, माशी शिंकली म्हणत गॅलरीभर कशी नाचायची, ते हातवारे करून दाखवलं. मी तिच्याकडे बघत होतो, नऊ दिवसांत पहिल्यांदा सरळ, आणि आता मला खरंच बघवत नव्हतं. सांगायचं काही उरलं नव्हतं. आधीचं सांगण्यासारखं होतं, कारण ते एका डबीचं होतं, डबी टाकून देता आली असती. हे सांगितलं तर तिची तीस वर्षं तिच्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं. तिचा हक्काचा दोन झटक्यांचा संसार. खरं होतं की नव्हतं, डागांचं कारण शर्ट होता की आणखी काही, ते मला डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. पण माझ्या मनाने निकाल लावून टाकला होता. मग ती म्हणाली, उद्या शर्ट द्या हं माझ्याकडे, बादलीत कोंबू नका, किती दिवस झाले झटकला नाही, हात शिवशिवताहेत. मी म्हटलं, दमशील. ती म्हणाली, दोन झटक्यांनी कोण दमतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यामागच्या नळावर शर्ट धुतला. एकदा साबणाने, मग नुसत्या पाण्याने, मग पुन्हा एकदा साबणाने, शिवणी उलट्या करून, खिसा बाहेर काढून. पाणी पांढरं येत होतं ते स्वच्छ येईपर्यंत. मग तो पॉलिशच्या पंख्यापुढे दोरीवर टाकला आणि तोवर बनियनवर बसून काम केलं. पॉलिशवाला म्हणाला, काय रे, लग्नाला निघालास का? मग उठून त्याने पंखा जरा माझ्या शर्टाकडे वळवला. चारला शर्ट वाळला होता. मी केस झटकले, हात कोपरापर्यंत धुतले, कान पुसले, आणि तो अंगात न घालता घडी करून पिशवीत घेतला, बनियनवरच घरी चालत आलो. जिन्याच्या शेवटच्या वळणावर, कुणी नाही असं बघून, अंगात घातला आणि दोन ठिकाणी मुद्दाम चुरगळला.

ती गॅलरीत खुर्चीवर तयारच बसली होती, हात पुढे. मी शर्ट काढून दिला. तिने कॉलर चाचपली, बोटांना लागली नाही म्हणून नजरेने शोधली, दोन्ही हातांनी घट्ट धरली. उभं राहायचं होतं तिला, मी मागून दंडाला आधार दिला, किती हलका होता तो दंड. तिने शर्ट कठड्याबाहेर नेला आणि झटकला. पहिला झटका बरा होता. दुसरा अर्ध्यावरच गळला, शर्ट कठड्याला आपटून लोंबत राहिला. ऊन सरळ त्यावर पडलं होतं. मी डोळे बारीक करून बघितलं, कामावर बघतो तसं. काही उडालं नाही. एक कण नाही.

आणि ती शिंकली.

मोठी, नेहमीची, मान मागे टाकून. मग ती तशीच उभी राहिली, माझ्याकडे न बघता, खाली रस्त्याकडे बघत. माझी वाट बघत होती. तिने जरा मान वळवली.

"शिंकली माशी," मी म्हणालो.

"माशी गेली कारखान्यात," ती म्हणाली, "तिला विचारा." आणि धापा टाकत शर्टाची घडी घालायला लागली, बाही आत, कॉलर वर, पोस्टातल्या पुडक्यासारखी नेटकी. घडी माझ्या हातात दिली. "घ्या. आता आत न्यायला हरकत नाही."

मी शर्ट आत नेला.